लॅक्रॉस : ‘औषधाचा खेळ’ म्हणजे मैदानावर नेमकं काय होतं?

पाणकणीस (धागाकर्ता)

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन भरलं आणि २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी पाच खेळ मंजूर झाले. आपल्याकडे मथळा एकाच खेळाचा झाला, क्रिकेटचा. त्याच यादीत लॅक्रॉसही होतं, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ. शाळेच्या प्रदर्शनासाठी या पाच खेळांचे तक्ते करायचे आहेत. लॅक्रॉसच्या तक्त्यावर ‘उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींचा प्राचीन व पवित्र खेळ’ एवढं लिहून गाडी अडली आहे, कारण पवित्र म्हणजे काय हे मलाच सांगता येत नाही.

कुठे ‘निर्मात्याचा खेळ’ असं वाचलं, कुठे ‘औषधाचा खेळ’, तर कुठे ‘युद्धाचा धाकटा भाऊ’. एकाच खेळाची ही तीन नावं की तीन वेगळ्या गोष्टी? एका चित्रात खेळाडूच्या हातात एकच लांब काठी आहे, दुसऱ्यात दोन आखूड काठ्या. लाकडी काठीचं एवढं कौतुक का आणि ती बनते कशी? शिवाय बायकांनी काठीला हात लावायचा नाही असं काही आहे म्हणे. ते खरं असेल तर मुलांच्या तक्त्यावर लिहावं की नाही? जाणकारांनी जरा विस्ताराने सांगावं, ही विनंती.

उत्तरवारा

सुरुवात शब्दापासून करा. ‘मूलनिवासींचा खेळ’ असं मोघम लिहिलंत की सगळी गल्लत होते. एकमेकांच्या भाषाही न कळणाऱ्या डझनावारी राष्ट्रांचा हा खेळ आहे, आणि प्रत्येकाची काठी, नियम आणि श्रद्धा वेगळ्या आहेत. तक्त्यासाठी एक राष्ट्रसमूह निवडा. मी होडिनोशोनींबद्दल लिहितो. हेच पूर्वी इरोक्वॉय म्हणून ओळखले जायचे. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि अठराव्या शतकात येऊन मिळालेले टस्करोरा अशा सहा राष्ट्रांचा हा संघ. आज त्यांच्या वस्त्या न्यूयॉर्क राज्य, ऑन्टेरिओ आणि क्वेबेकमध्ये आहेत. ऑलिम्पिकच्या बातम्यांतून जो वाद तुम्ही वाचाल तो त्यांचाच, म्हणून तक्त्यालाही तेच बरे.

आता ‘निर्मात्याचा खेळ’. त्यांच्या समजुतीप्रमाणे पृथ्वी व्हायच्या आधी वरच्या लोकात, आकाशलोकात, हा खेळ चालू होता. माणसांना तो निर्मात्याने दिला तो त्याच्या स्वतःच्या करमणुकीसाठी. आपण खाली खेळतो, तो वर बसून बघतो आणि खूश होतो. म्हणून जीव तोडून खेळायचं, पण रागावून नाही. मुलगा जन्मला की पाळण्यात छोटीशी काठी ठेवायची आणि माणूस गेला की त्याची काठी त्याच्यासोबत पुरायची, अशी रीत आहे. वर गेल्यावर पुन्हा खेळायचं असतं.

‘औषधाचा खेळ’ हा याच खेळाचा एक विशिष्ट प्रकार, म्हणजे कुणासाठी तरी मुद्दाम बोलावलेला सामना. कुणी आजारी आहे, कुणाला स्वप्नात तशी खूण मिळाली, कुणाच्या घरात दुःख झालं किंवा गावावरच मरगळ आली, तर खेळ मागता येतो. मग साधारण असं होतं :

ज्याच्यासाठी खेळ आहे त्याच्या वतीने निरोप जातो आणि माणसं जमतात. आकडा ठरलेला नसतो. वीस आले तर दहा-दहा, साठ आले तर तीस-तीस. बाजू बलाबल पाहून पाडत नाहीत. वडीलधारे एका बाजूला नि तरणे दुसऱ्या, किंवा लग्न झालेले विरुद्ध न झालेले, नाहीतर कुळांच्या दोन अर्ध्या फळ्या. आजा आणि नातू समोरासमोर येतात, हे मुद्दाम.

खेळाआधी कृतज्ञतेचं भाषण होतं. माणसं, जमीन, पाणी, झाडं, पशुपक्षी, वारे, मेघगर्जना, सूर्य, चंद्र, तारे अशा चढत्या क्रमाने एकेकाचे आभार मानायचे. तंबाखू विस्तवावर सोडतात. हा ओढायचा तंबाखू नव्हे, धुराबरोबर बोलणं वर पोचावं म्हणून द्यायचा.

गोलासाठी दोन्ही टोकांना दोन-दोन खांब, जाळं नाही. किती गोलांवर खेळ संपणार ते आधी ठरतं : ३, ५ किंवा ७ असा लहान आकडा. घड्याळ नाही, पंच नाही, चिलखती पोशाख नाही. काठी लाकडीच हवी आणि चेंडू हरणाच्या कातड्याचा, हाताने शिवलेला. रबरी चेंडू आणि प्लास्टिकची काठी बाकी सामन्यांत चालते, इथे नाही. रुग्णाला बसता येत असेल तर तो कडेला बसून बघतो. ठरलेले गोल झाले की खेळ थांबतो, चेंडू त्याच्या हाती देतात आणि सगळे मिळून जेवतात. मक्याचं सूप हा ठरलेला पदार्थ.

यात बिघडतं कुठे? मनात अढी ठेवून कुणी मैदानात उतरला किंवा सूड म्हणून काठी घातली तर औषध वाया गेलं असं मानतात. म्हणून खेळ धसमुसळा असला तरी धडक बसलेल्याला उठवूनच पुढे जायचं. सणसणीत मार बसतो, पण त्याचा हिशोब मैदानाबाहेर न्यायचा नाही.

हे आजचं नाही. १६३६ मध्ये जेझुइट मिशनरी ब्रेबफ याने जॉर्जियन उपसागराच्या दक्षिणेला राहणाऱ्या वेंडॅट लोकांबद्दल लिहून ठेवलं आहे की रुग्ण बरा व्हावा म्हणून त्यांचा वैदू क्रॉस (म्हणजे लॅक्रॉसच) खेळायला सांगतो आणि मग गावंच्या गावं एकमेकांविरुद्ध खेळतात. ब्रेबफला हे सगळं थोतांड वाटत होतं, हे ध्यानात ठेवून त्याचं लिखाण वाचावं. पण खेळ आणि उपचार यांची सांगड तेव्हा होती, एवढं त्याच्या तिरकस शब्दांतूनही पक्कं होतं. (वेंडॅट हे होडिनोशोनींचे शेजारी आणि भाषेने भाऊबंद, पण त्या संघाबाहेरचे आणि त्या काळात त्यांचे वैरी.)

कायुगांकडे हाच खेळ मेघगर्जनेच्या विधीतही येतो. गर्जना करणारे हे त्यांचे ‘आजोबा’. पाऊस आणतात, म्हणून त्यांचं मन रमवायचं.

खैर_शिसव

काठीबद्दल मी लिहितो. तक्त्यावर चित्र काढायला सोपं जाईल.

झाड हिकरीचं. अक्रोडाच्या कुळातलं, जड, चिवट, कुऱ्हाडी-हातोड्यांच्या दांड्यांना वापरतात ते. दाट रानात वाढलेलं हवं, कारण उजेडासाठी ते सरळ वर जातं आणि खालच्या भागाला फांद्या फुटत नाहीत. फांदी म्हणजे गाठ, आणि गाठ म्हणजे वाकवताना हमखास मोडणारी जागा. तोडण्याआधी झाडाला तंबाखू देऊन आभार मानतात. काठी जिवंत झाडातून येते, तिच्यात झाडाचं बळ उतरतं, ही समजूत पुढच्या सगळ्या नियमांच्या मुळाशी आहे.

ओंडका करवतीने कापत नाहीत, पाचरी ठोकून फोडतात. आधी दोन, मग चार, मग आठ फाका. कारण अगदी सुतारकीचं आहे : फोडलेलं लाकूड स्वतःच्या तंतूंच्या रेषेत फाटतं, तर करवत रेषा न बघता सरळ जाते. करवतीच्या फळीत तंतू कुठेतरी कडेला बाहेर पडतात आणि वाफ देऊन वाकवलं की नेमकी तिथेच चिरफळी उठते. दिसायला फळी सुबक, कामाला निकामी.

मग घोडीवर (लाकूड पकडून ठेवायच्या बाकावर) फाक पायाने दाबून धरायची आणि दोन मुठींचा सुरा अंगाकडे ओढत ती तासायची. वाकायचं टोक पातळ, दांडा जाड. त्यानंतर वाफ. तापून मऊ झालेलं टोक झटक्यात साच्याभोवती वळवून तारेने बांधून टाकायचं. इथे उशीर चालत नाही, लाकूड काही क्षणांत पुन्हा ताठ होतं. बांधलेल्या काठ्या महिनोन्‌महिने वाळत ठेवतात. घाई करून तार सोडली तर बाक हळूहळू उघडत जातो, आणि उन्हात किंवा शेकोटीजवळ भराभर वाळवलं तर टोकांना भेगा पडतात. वाळल्यावर पुन्हा तासणी, भोकं पाडणं, काचकागद, रोगण. झाड तोडल्यापासून काठी हातात येईपर्यंत वर्षभर गेलं तर नवल नाही.

शेवटी विणकाम. बाकाची उघडी बाजू बंद करणारी ‘भिंत’ तातेची किंवा न कमावलेल्या कातड्याची. ती वाळली की कडक होते आणि चेंडू कडेने निसटत नाही. उभ्या पट्ट्या कमावलेल्या चामड्याच्या, त्यांत आडव्या दोऱ्या ओवलेल्या. पावसात चामडं ढिलं होतं, झोळ वाढतो आणि चेंडू सुटायला उशीर करतो. फेक नेहमीपेक्षा खाली जाऊ लागली की पट्ट्या ओढायच्या. खेळून झाल्यावर झोळात चेंडू न ठेवता काठी सावलीत टांगायची.

या कामातलं मोठं नाव म्हणजे ओनोंडागा राष्ट्राचे आल्फ जॅक्स. ते वडील लुई यांच्याकडून शिकले आणि २०२३ मध्ये वारले. त्यांच्या उमेदीच्या काळातच धंदा कोसळला. सेंट लॉरेन्स नदीतल्या कॉर्नवॉल बेटावर मोहॉक कारागिरांचा मोठा काठी-कारखाना होता. तो १९६८ मध्ये जळाला. १९७० च्या सुमारास प्लास्टिकचं डोकं असलेली काठी बाजारात आली. स्वस्त, हलकी, दोन्ही बाजूंनी सारखी, पावसाची फिकीर नाही. काही वर्षांत लाकडी काठी सामन्यांतून जवळजवळ गेलीच. औषधखेळासाठी मात्र ती लागतेच, म्हणून कारागिरी पूर्ण मेली नाही. एका अर्थी विधीने धंदा जगवला.

पाणकणीस

दोघांचेही आभार, हे सगळं कुठेच एकत्र सापडत नव्हतं. एक शंका : गोल आधीच ठरलेले आणि बरं होणारा माणूस कडेला बसलेला, तर जिंकण्या-हरण्याला अर्थ काय उरतो? आणि तक्त्यावर मी ‘हा एक प्रकारचा नवस आहे’ असं लिहू पाहत होतो. मुलांना लगेच कळेल.

उत्तरवारा

ठरलेले असतात ते थांबायचे गोल. म्हणजे ७ असेल तर जी बाजू आधी ७ करेल तिथे खेळ संपला. कोण करेल हे ठरलेलं नसतं, त्यामुळे चुरस खरीच असते. मात्र नंतर कोण जिंकलं याची चर्चा फारशी होत नाही. रुग्णासाठी दोन्ही बाजूंचं खेळणं सारखंच कामाचं. एक बाजू हातचं राखून खेळली तर मात्र पंचाईत, कारण दिलेली करमणूकच अर्धी राहिली.

नवस लिहू नका. नवसात अट असते : हे दे, मग ते फेडीन. इथे फेडणं आधीच चालू आहे, आणि भाषण मागणीने नव्हे तर आभारांनी सुरू होतं. जवळचा शब्द हवाच असेल तर ‘दवा आणि दुवा’ एकदम, असं म्हणा. तेही मुलांना सांगताना तोंडी, तक्त्यावर नको.

अवांतर : सेनेका राष्ट्राचे संदेष्टे हँडसम लेक, ज्यांच्या शिकवणीवर होडिनोशोनींचा आजचा पारंपरिक ‘लाँगहाउस’ धर्म उभा आहे, ऑगस्ट १८१५ मध्ये ओनोंडागा इथे वारले. आजारी अवस्थेत ते तिथे पोचले तेव्हा त्यांच्या मनाला उभारी यावी म्हणून लोकांनी लॅक्रॉसचा खेळ मांडला होता. ते वाचले नाहीत. पण खेळ फसला असं तिथे कुणी म्हणत नाही. औषध म्हणजे आजार उलटवणारी गोळीच असली पाहिजे, हा आपला हट्ट आहे.

तुंबा

दोन काठ्यांचं चित्र अमेरिकेच्या आग्नेयेकडचं. चॉक्टॉ, चेरोकी, मस्कोगी, चिकसॉ, सेमिनोल यांच्याकडे प्रत्येक हातात एक आखूड काठी, साधारण अडीच फुटांची. टोक वळवून चमच्यासारखं केलेलं, त्यात चामड्याच्या पट्ट्या. चेंडू लहान, जवळजवळ गोल्फच्या चेंडूएवढा, आणि तो दोन चमच्यांत पकडायचा. हाताने उचलायचा नाही. इंग्रजीत याला हल्ली स्टिकबॉल म्हणतात आणि खेळणाऱ्यांना लॅक्रॉस म्हटलेलं फारसं रुचत नाही. ‘युद्धाचा धाकटा भाऊ’ हे नावही मुख्यतः याच भागातल्या भाषांतून आलेलं, म्हणून ते होडिनोशोनींच्या तक्त्यावर चिकटवू नका.

तिसरा प्रकार पंचमहासरोवरांच्या भागातला : ओजिब्वे, मेनोमिनी, हो-चंक वगैरे. एकच काठी, सुमारे तीन फूट, टोकाला लाकूड पूर्ण वळवून केलेलं छोटं बंद कडं. चेंडू पुष्कळदा लाकडी. ओजिब्वे त्याला बागाआडोवे म्हणतात. जून १७६३ मध्ये मिशिलिमॅकिनॅक किल्ल्यासमोर ओजिब्वे आणि सॉक यांनी याच खेळाचा सामना मांडला. ब्रिटिश शिपाई दार उघडं टाकून बघत बसले, चेंडू तटाकडे गेला, मागोमाग खेळाडू, आणि बायकांनी पांघरुणाखाली आणलेली शस्त्रं हातात घेऊन त्यांनी किल्ला घेतला. मुलांना ही गोष्ट नक्की आवडेल, पण एवढीच सांगितली तर खेळ म्हणजे युक्तीचं युद्ध असं डोक्यात बसेल.

चेरोकींची तयारी तपशिलात माहीत आहे, कारण जेम्स मूनी या अमेरिकी मानववंश-अभ्यासकाने नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत राहून ती नोंदवली आणि १८९० मध्ये छापली. त्यातलं थोडं :

खेळाडूंना काही दिवस आधीपासून पथ्य. सशाचं मांस नाही, कारण ससा भित्रा आणि पाठलागात गोंधळणारा. बेडूक नाही, कारण त्याची हाडं ठिसूळ. मीठ आणि गरम अन्न वर्ज्य. बाईचा स्पर्श नाही, सामन्याआधी सात दिवस आणि नंतरही सात. आदल्या रात्री शेकोटीभोवती नाच, त्यात पुरुष काठ्या घेऊन आणि सात बायका वेगळ्या रांगेत. मधूनमधून नदीवर जायचं. तिथे वैदू एका हाताच्या चिमटीत लाल मणी धरतो, दुसऱ्यात काळा. लाल आपला खेळाडू, काळा समोरचा. मग अंग ओरखडणं. टर्कीच्या पायाच्या हाडाच्या सात टोकांची फणी असते. दंडावर चार वेळा ओढली की २८ रेघा. असं हातापायांवर, छातीवर, पाठीवर करत एकूण जवळपास ३०० ओरखडे. रक्त येतं. खेळाडू हूं की चूं करत नाही, आणि मग पाण्यात बुडी मारतो. खेळ १२ गुणांचा.

हे आजही असंच्या असं होतं असं समजू नका. ते १८८० च्या दशकातलं वर्णन आहे, आणि मूनीने बाहेरच्या माणसाच्या नजरेने लिहिलेलं आहे. शिवाय विधी लोकांसमोर मांडायची वस्तू नसते. आज चालू असलेल्या गोष्टींपैकी बऱ्याच त्यांनी मुद्दाम घरातच ठेवल्या आहेत.

मुलांसाठी कथा हवी असेल तर वटवाघळाची घ्या. चौपाये विरुद्ध पक्षी असा सामना ठरला. चौपायांत अस्वल, हरीण, कासव, पक्ष्यांत गरुड. उंदराएवढे दोन जीव चौपायांकडे गेले, तर त्यांना हसून हाकललं. ते पक्ष्यांकडे गेले. पक्ष्यांनी ढोलाच्या कातड्याचा तुकडा कापून एकाला पंख केले, ते वटवाघूळ. कातडं संपलं, म्हणून दुसऱ्याच्या अंगाचंच कातडं दोन्हीकडून ओढून ताणलं, ती उडती खार. सामना याच दोघांच्या जोरावर पक्ष्यांनी मारला. चेरोकी खेळाडू काठीला वटवाघळाच्या पंखाचा तुकडा बांधत ते यासाठी. होडिनोशोनींकडेही या कथेचं भावंड आहे.

चालू खेळ बघायचा तर मिसिसिपीतल्या फिलाडेल्फिया गावाजवळची चॉक्टॉ जत्रा. १९७५ पासून तिथे उन्हाळ्यात स्टिकबॉलची जागतिक मालिका होते. बाजूला ३० खेळाडू, सुमारे १०० यार्डांचं मैदान, दोन टोकांना एकेक उंच खांब, आणि चेंडू खांबाला लागला की गुण. डोक्यावर काही नाही, बरेच जण अनवाणी. महिलांचेही संघ आहेत आणि त्या काठ्यांनीच खेळतात.

काचकवडी

महिलांच्या प्रश्नावर वरच्या शेवटच्या वाक्यातच अर्धं उत्तर आलं : जागेप्रमाणे नियम बदलतो. मस्कोगी आणि सेमिनोल लोकांत एका खांबाभोवतीचा घरगुती खेळ आहे. त्यात पुरुष काठ्यांनी आणि बायका नुसत्या हातांनी एकमेकांविरुद्ध खेळतात. होडिनोशोनींकडे मात्र औषधखेळ पुरुषांचा, आणि परंपरा पाळणाऱ्या घरांत पुरुषाच्या लाकडी काठीला बाई हात लावत नाही. याला आपल्याकडच्या विटाळाच्या चौकटीत बसवलंत तर चूक होईल. तिथे कूळ आईकडून चालतं, सरदार निवडायचा आणि काढायचा अधिकार कुलमातांचा. बाईकडे स्वतःचं वेगळं बळ आहे आणि दोन बळं एकमेकांत मिसळू नयेत, अशी ती मांडणी आहे.

खैर_शिसव

मांडणी मान्य. पण ‘विटाळ नाही, वेगळं बळ आहे’ हे वाक्य जगातल्या बहुतेक बंदींच्या समर्थनार्थ ऐकू येतं, आपल्याकडेही. तिथल्या बायकांनीही ते मुकाट्याने मानलेलं नाही. होडिनोशोनींचा महिला संघ आंतरराष्ट्रीय सामने खेळतो आणि त्या खेळाडूंना घरच्या वडीलधाऱ्यांशी वाद घालूनच तिथवर यावं लागलं.

काचकवडी

बरोबर, आणि हेही सांगायला हवं की सुरुवातीला विरोध करणाऱ्यांत कुलमाताही होत्या. म्हणजे पुरुष विरुद्ध स्त्रिया असा सरळ सामना नव्हता. आज साधारण तडजोड अशी की प्लास्टिकच्या काठीला हा नियम लागत नाही आणि औषधखेळाला लागतो. सगळ्यांना ती पटली आहे असं नाही. तक्त्यावर एका ओळीत घालायचं असेल तर ‘औषधखेळ पुरुष खेळतात, महिलांचा राष्ट्रीय संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळतो’ एवढंच लिहा. दोन्ही खरं आहे.

आता ऑलिम्पिकचं. हा खेळ त्यांच्याकडून गेला कसा हे कळल्याशिवाय आजचा वाद कळत नाही. मॉन्ट्रियलचे दंतवैद्य जॉर्ज बिअर्स यांनी १८६० च्या दशकात नियम छापले : खेळाडूंची संख्या बांधली, मैदान बांधलं, कातडी चेंडूच्या जागी रबरी आणला. १८७६ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या काह्नवाके वस्तीतल्या मोहॉक खेळाडूंना इंग्लंडला नेऊन राणी व्हिक्टोरियासमोर खेळवलं. आणि १८८० मध्ये कॅनडातल्या संघटनेने ‘हौशी’ खेळाडूंचाच नियम लावला. मूलनिवासी खेळाडू प्रवासखर्चासाठी पैसे घेत, म्हणून ते व्यावसायिक ठरले आणि अजिंक्यपदाच्या स्पर्धांतून बाहेर गेले. ज्यांचा खेळ त्यांनाच दार बंद. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिम्पिकमध्ये मोहॉक खेळाडूंचा एक संघ होता आणि तो तिसरा आला, हे मात्र नोंदलेलं आहे.

१९८३ मध्ये होडिनोशोनींनी स्वतःचा राष्ट्रीय संघ उभा केला. उभारणाऱ्यांत ओनोंडागांचे ओरेन लायन्स हे ठळक नाव. १९९० मध्ये पर्थला हा संघ पहिल्यांदा जागतिक स्पर्धेत उतरला, अमेरिकेचा नाही, कॅनडाचा नाही, स्वतःच्या राष्ट्राचा म्हणून. २०१० मध्ये मँचेस्टरला जायचं होतं. खेळाडूंकडे होडिनोशोनी पासपोर्ट होते, ब्रिटनने ते मानले नाहीत. अमेरिकेचा किंवा कॅनडाचा पासपोर्ट घेतला असता तर प्रश्न मिटत होता. त्यांनी तो घेतला नाही, न्यूयॉर्कमध्ये अडकून पडले आणि स्पर्धा हुकली. बाहेरच्यांना हा हटवादीपणा वाटला. पण कायुगा सरदार डेस्काहे १९२३ मध्ये असाच पासपोर्ट घेऊन राष्ट्रसंघाकडे दाद मागायला जिनिव्हाला गेले होते. दुसऱ्याच्या कागदावर खेळायला जायचं तर त्या वारशाचं काय?

पुढे २०१४ मध्ये डेन्व्हरला कांस्य, २०१८ ला पुन्हा कांस्य, २०२३ ला सॅन दिएगोलाही कांस्य. २०१५ ची बंदिस्त मैदानावरची जागतिक स्पर्धा ओनोंडागांच्या स्वतःच्या भूमीवर झाली. २०२२ च्या बर्मिंगहॅम वर्ल्ड गेम्समधून त्यांना आधी वगळलं होतं. ओरड झाली, आणि आयर्लंडच्या संघाने आपली जागा सोडून त्यांना वाट करून दिली.

२०२८ ला सहा-सहा खेळाडूंचा छोटा प्रकार असेल : ७० बाय ३६ मीटर मैदान, ८ मिनिटांची चार सत्रं, ३० सेकंदांत फटका मारायची सक्ती. अडचण अशी की ऑलिम्पिकमध्ये संघ पाठवते ती मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिम्पिक समिती, आणि होडिनोशोनींची तशी समिती नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष बायडेन यांनी त्यांना स्वतःच्या झेंड्याखाली खेळू द्यावं म्हणून जाहीर पाठिंबा दिला. ऑलिम्पिक समितीचं म्हणणं, अमेरिकेकडून किंवा कॅनडाकडून खेळा. मुंबईच्या ठरावात खेळ आत आला, तो ज्यांचा आहे त्यांची जागा मात्र आली नाही.

तुंबा

वर ‘कॅनडाचा राष्ट्रीय खेळ’ हा मुद्दा आला नाही, पण तक्त्यावर येईल म्हणून सांगून ठेवतो. १८६७ मध्ये संसदेने लॅक्रॉसला राष्ट्रीय खेळ ठरवलं असं सर्रास छापलेलं सापडेल. तसा ठराव झालेला नाही. कायदा १९९४ चा : उन्हाळी राष्ट्रीय खेळ लॅक्रॉस, हिवाळी आइस हॉकी.

पाणकणीस

कच्चा मजकूर असा केला आहे. चुकलं असेल तर सांगा :

‘लॅक्रॉस. उत्तर अमेरिकेतल्या अनेक मूलनिवासी राष्ट्रांचा खेळ. होडिनोशोनी लोक याला निर्मात्याचा खेळ म्हणतात. आजारी माणसासाठी खेळायच्या औषधखेळात हिकरीच्या लाकडाची काठी आणि हरणाच्या कातड्याचा चेंडू लागतो. किती गोलांवर थांबायचं ते आधी ठरतं. विजेत्या संघाला चेंडू मिळतो. २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ आहे, पण होडिनोशोनी संघाला स्वतःच्या नावाने प्रवेश नाही.’

उत्तरवारा

एकच वाक्य बदला. चेंडू विजेत्यांना मिळत नाही, ज्याच्यासाठी खेळ मांडला त्याला मिळतो. आणि जागा उरली तर खैर_शिसव यांच्या पाचरींचं चित्र काढा, ओंडक्याच्या आठ फाकांसकट.